पुण्यातल्या माणसांच्या मनाचा अभ्यास नेमकं कोण करतं? आणि तेच मध्येच थांबले तर?

घर लहान आणि माणसं जास्त असली, तर त्याचा मुलांवर काय परिणाम होतो?

'आम्हीही एका खोलीत आठ जण राहून शिकलो, काय बिघडलं आमचं?' हे उत्तर पुण्यातल्या एखाद्या वाड्यात किंवा मुंबईच्या चाळीत वाढलेल्या कुणाकडूनही ऐकायला मिळेल. पण या प्रश्नाचं मोजूनमापून दिलेलं उत्तरही उपलब्ध आहे आणि त्यात पुण्याचा मोठा वाटा आहे.

१९९८ साली 'चाइल्ड डेव्हलपमेंट' या बालविकासावरच्या नामांकित नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. भारतातल्या शहरी, कामगार कुटुंबांमधल्या १० ते १२ वर्षांच्या मुलांचा हा अभ्यास होता. दाटीवाटीच्या घरांतल्या मुलांना शाळेत जुळवून घ्यायला जास्त अडचणी येत होत्या, त्यांचं अभ्यासातलं यश कमी होतं आणि आई-वडिलांशी खटके जास्त उडत होते. मुलग्यांमध्ये रक्तदाब वाढलेला आढळला. मुलींमध्ये अपयश आल्यावर प्रयत्नच सोडून देण्याची प्रवृत्ती जास्त दिसली. महत्त्वाचं म्हणजे घरातल्या उत्पन्नाचा फरक बाजूला काढला तरी हे परिणाम दिसत होते.

या निबंधाचे लेखक चार. गॅरी इव्हान्स आणि स्टीफन लेपोर हे अमेरिकन संशोधक, तर बी. आर. शेजवळ आणि म. न. पलसाने हे पुणे विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागातले.

असा अभ्यास ऑफिसात बसून होत नाही. कुणीतरी घरोघरी जावं लागतं, मुलांशी त्यांच्या भाषेत बोलावं लागतं, आईला विश्वासात घ्यावं लागतं. आज देशभरातल्या विद्यापीठांमध्ये हे काम मुख्यतः तरुण संशोधक करतात. त्यांची नोकरी कायम नसते, अधिछात्रवृत्ती वेळेवर येईल याची खात्री नसते आणि 'अजून शिकतोच आहेस का?' हा प्रश्न प्रत्येक लग्नसमारंभात ठरलेला असतो.

हे संशोधक कोण असतात, त्यांचं पोट कशावर चालतं आणि त्यांच्या अडचणींचा बाकीच्यांशी काय संबंध, हे समजून घेऊया.

पुण्यात मानसशास्त्राचं संशोधन कधीपासून होतं?

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ ची. पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये इथे मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्याचं सुरुवातीचं नाव 'प्रायोगिक मानसशास्त्र विभाग' असं होतं. म्हणजे नुसतं तत्त्वज्ञान नाही, प्रयोगशाळेत मोजमाप करायचं, ही दिशा पहिल्यापासूनच ठरलेली होती. २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचं नाव मिळालं.

विद्यापीठाबाहेरही हे काम चाललं. १९६२ साली अप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. तिच्या 'प्रज्ञा मानस संशोधिके'त अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांची बुद्धीविषयीची मांडणी आधाराला घेऊन भारतीय विद्यार्थ्यांसाठी चाचण्या तयार झाल्या. परदेशी चाचणी जशीच्या तशी वापरायची नाही, आपल्या मुलांवर तपासून घ्यायची, हा विचार पुण्यात जुना आहे.

संशोधन केंद्रात कोण कोण असतं?

बाहेरून पाहिलं तर प्राध्यापकांचं नाव दिसतं. आत मात्र उतरंड असते.

सर्वात वर मार्गदर्शक प्राध्यापक, म्हणजे बोलीभाषेत 'गाइड'. त्यांच्याखाली पीएचडीचे विद्यार्थी. एखाद्या प्रकल्पाला निधी मिळाला तर त्या प्रकल्पापुरते नेमलेले सहाय्यक. प्रकल्प संपला की त्यांचं कामही संपलं. पीएचडी झाल्यावर पण नोकरी लागण्याआधी काही वर्षं संशोधन करणारे 'पोस्ट-डॉक'. शिवाय दुसऱ्या विद्यापीठातून किंवा देशातून काही महिन्यांसाठी येणारे पाहुणे संशोधक.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. प्राध्यापक सोडले तर इथे कुणीच कायमचं नसतं.

पैसे कुठून येतात?

पीएचडी करणाऱ्याचं उत्पन्न काय, हे तो कुठल्या यादीत बसतो यावर ठरतं.

पहिला मार्ग म्हणजे यूजीसीची जेआरएफ. त्यासाठी नेट परीक्षेत वरचे गुण लागतात. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफची रक्कम महिना ३१ हजारांवरून ३७ हजार रुपये झाली. दोन वर्षांनंतर ती ४२ हजार होते. घरभाडं भत्ता वेगळा. ही मदत जास्तीत जास्त पाच वर्षं मिळते. पीएचडीसाठी मात्र नियमानुसार सहा वर्षांपर्यंत मुदत असते. म्हणजे काम लांबलं, तर शेवटचं वर्ष, नेमकं प्रबंध लिहिण्याचं वर्ष, बिनपैशाचं जाऊ शकतं.

दुसरा मार्ग राज्य सरकारच्या संस्थांचा. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी बार्टी, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांसाठी महाज्योती. यातल्या बार्टी आणि सारथीची मुख्यालयं पुण्यातच आहेत, तर महाज्योतीचं नागपुरात.

तिसरा गट या दोन्ही याद्यांत नसलेल्यांचा. केंद्रीय विद्यापीठात नेटशिवाय पीएचडी करणाऱ्याला महिना ८ हजार रुपये मिळण्याची योजना आहे. पुणे विद्यापीठ हे राज्य विद्यापीठ असल्यामुळे ती योजना इथे लागू नाही. या गटातले बरेच जण कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतात, समुपदेशनाचं काम करतात, उरलेल्या वेळात संशोधन करतात.

परीक्षांचा गोंधळ काय होता?

यादीत बसण्यासाठीच्या परीक्षाही सुरळीत होतील असं नाही.

२४ डिसेंबर २०२३ ला बार्टी, सारथी आणि महाज्योतीच्या अधिछात्रवृत्तीसाठी सामायिक चाचणी झाली. त्यात २०१९ च्या सेट परीक्षेची प्रश्नपत्रिकाच पुन्हा आल्याचं विद्यार्थ्यांच्या लक्षात आलं आणि परीक्षा रद्द झाली. १० जानेवारी २०२४ ला फेरपरीक्षा झाली. तेव्हा काही प्रश्नपत्रिकांना सील नसल्याचा आक्षेप घेत अनेकांनी बहिष्कार टाकला.

सहाच महिन्यांत देशपातळीवर तसंच घडलं. १८ जून २०२४ ला ९ लाखांहून जास्त उमेदवारांनी यूजीसी-नेट दिली आणि दुसऱ्याच दिवशी ती रद्द झाली. परीक्षा पुन्हा घ्यायला ऑगस्ट उजाडला. ज्या स्क्रीनशॉटमुळे पेपर फुटल्याचा संशय आला होता, तो बनावट असल्याचं पुढे सीबीआयच्या तपासात निघालं. पण तोवर महिने गेले होते.

सरकारी फायलीत दोन-तीन महिने म्हणजे फार नाहीत. मानसशास्त्राच्या अभ्यासात ते फार असतात. समजा, एखादी विद्यार्थिनी दहावीच्या मुलांवरचा परीक्षेचा ताण मोजते आहे. तिला जानेवारी-फेब्रुवारीत शाळेत जायचं आहे. पैसे एप्रिलमध्ये आले तर परीक्षा होऊन गेलेली असते आणि अभ्यास एक वर्ष पुढे ढकलावा लागतो. त्या वर्षाची घरभाड्याची सोय मात्र कुणी करत नाही.

'पीएचडी करून काय दिवे लावणार?'

हा सवाल डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी केला होता. सारथीच्या अधिछात्रवृत्तीसाठी घातलेल्या २०० जागांच्या मर्यादेवर चर्चा सुरू असताना हे वाक्य आलं. त्यावर बरीच टीका झाली, पवारांनी स्पष्टीकरणही दिलं.

वाद शमला, पण प्रश्न अनेकांच्या मनात असतोच. करदात्यांच्या पैशातून कुणीतरी पाच वर्षं शिकतं, त्यातून समाजाला काय मिळतं? हे विचारण्यात गैर काही नाही. मानसशास्त्रापुरतं उत्तर द्यायचं तर आधी एक आकडा पाहावा लागेल.

२००८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी मानसशास्त्रातली आघाडीची अमेरिकन नियतकालिकं तपासली. अभ्यासात सहभागी झालेल्यांपैकी ९६ टक्के लोक पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले निघाले. जगाच्या लोकसंख्येत या देशांचा वाटा अवघा १२ टक्के. म्हणजे 'माणसाचं मन असं चालतं' असं पुस्तकात लिहिलेलं असतं, तेव्हा तो माणूस बहुतेक वेळा अमेरिकेतला किंवा युरोपातला असतो.

आता घराजवळ या. २०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. देशात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, हा बातम्यांत वारंवार येणारा आकडा त्यातलाच. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्यात महाराष्ट्र नव्हता. इतक्या मोठ्या राज्याबद्दल आपण जे बोलतो, त्यातलं बरंच दुसऱ्या राज्यांवरून बांधलेल्या अंदाजावर उभं आहे.

ही पोकळी पुण्या-नागपूर-संभाजीनगरच्या विभागांत बसलेले संशोधकच भरू शकतात.

प्रश्नावली नुसती मराठीत आणली की झालं ना?

नाही, आणि मराठी संशोधकाची गरज इथेच सर्वात जास्त कळते.

नैराश्य मोजणाऱ्या बऱ्याच प्रश्नावल्या इंग्रजीत तयार झाल्या. इंग्रजीत उदास वाटण्याला 'ब्लू' वाटणं म्हणतात. त्याचं शब्दशः मराठी केलं तर 'मला निळं वाटतं' असं हास्यास्पद वाक्य तयार होईल. उलट मराठीत एखादी आजी 'मला इथे करमत नाही' म्हणते, तेव्हा ती दुःखी आहे, कंटाळली आहे, एकटी पडली आहे की तिला गावची आठवण येते आहे? यातलं थोडं थोडं सगळंच असू शकतं. त्या एका शब्दाला इंग्रजी प्रश्नावलीत रकाना नाही.

'डोकं जड झालंय', 'छातीत धडधडतं', 'जीव घाबरा होतो' ही वाक्यं शरीराबद्दल आहेत की मनाबद्दल, हे ठरवायलाही बोलणाऱ्याची भाषा आणि घर माहीत असावं लागतं.

म्हणून चाचणीचं भाषांतर करताना एक जण इंग्रजीतून मराठी करतो, दुसरा मूळ न पाहता ते मराठी पुन्हा इंग्रजीत नेतो आणि मग दोन्ही ताडून पाहतात. त्यानंतर ती चाचणी वेगवेगळ्या वयाच्या, शिक्षणाच्या, भागांतल्या माणसांवर तपासतात. हे काम वेळखाऊ आहे आणि त्याची बातमी होत नाही. पण उद्या दवाखान्यात किंवा शाळेत तुमच्या मुलापुढे जी प्रश्नावली येईल, ती विश्वासाची असेल की नाही, हे यावर अवलंबून असतं.

मग बाहेरून येणारे संशोधक काय करतात?

पुण्याला पाहुणे संशोधक नवे नाहीत. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिचं भारतातलं मुख्यालय पुण्यात, डेक्कन कॉलेजमध्ये होतं. परदेशी अभ्यासकांना मराठी शिकवण्याचं तिचं काम पुण्यात चालत आलं आहे. दुसऱ्या बाजूने इराण, येमेन, अफगाणिस्तान अशा देशांतले विद्यार्थीही अनेक वर्षं पुणे विद्यापीठात पदव्या घेत आले आहेत. २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार प्रत्येक गाइडला नेहमीच्या जागांव्यतिरिक्त दोन परदेशी संशोधक घेता येतात.

पाहुण्यांकडून नव्या पद्धती येतात, निधी येतो, जगाशी ओळख होते. धोका दुसरीकडे असतो. आले, फॉर्म भरून घेतले, विमानात बसले, निबंधावर नाव फक्त स्वतःचं. याला संशोधनाच्या जगात 'हेलिकॉप्टर संशोधन' म्हणतात. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना पुढे काय झालं ते कळत नाही आणि ज्या स्थानिक तरुणाने घरोघरी फिरून ती गोळा केली, त्याचं नाव फार तर आभाराच्या यादीत येतं.

पलसाने आणि इव्हान्स यांचं काम म्हणूनच लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९८७ मध्ये त्यांनी अमेरिका आणि भारतातल्या बसचालकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सतत घाईत असणाऱ्या, चटकन चिडणाऱ्या चालकांचे अपघात दोन्ही देशांत जास्त होते. १९८९ मध्ये पुण्यातल्या दाटीच्या घरांमधल्या कुटुंबप्रमुखांवरचा निबंध आला. घरात माणसं खूप असली की आधार देणारी नाती वाढायला हवीत, असं आपण धरून चालतो. या अभ्यासात उलट दिसलं. दाटी वाढली तशी आधाराची भावना कमी झाली आणि मानसिक त्रास होण्यामागे हेच एक मोठं कारण निघालं.

'भरल्या घरात माणूस एकटा पडत नाही' या आपल्या समजुतीला या निष्कर्षाने धक्का दिला. तिन्ही निबंधांवर पुण्याच्या संशोधकांची नावं लेखक म्हणून आहेत. पाहुणा आणि यजमान यांचं नातं कसं असावं, याचा नमुना शोधायला पुण्याला दूर जायची गरज नाही.

गाइडच नसेल तर?

पैसा मिळाला, विषय ठरला, तरी एक अडथळा उरतो. यूजीसीच्या नियमानुसार प्रोफेसरला एका वेळी आठ, असोसिएट प्रोफेसरला सहा आणि असिस्टंट प्रोफेसरला चार पीएचडी विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत.

गणित सोपं आहे. एक प्रोफेसर निवृत्त झाले आणि ती जागा भरली गेली नाही, तर विभागाच्या पीएचडीच्या आठ जागा गेल्या. राज्यातल्या विद्यापीठांमध्ये प्राध्यापकभरती रखडण्याचा हा थेट परिणाम. २०२५ च्या एनआयआरएफ क्रमवारीत पुणे विद्यापीठ विद्यापीठांच्या गटात २३ व्या क्रमांकावरून ५६ व्या क्रमांकावर घसरलं, तेव्हा रिक्त पदांची चर्चा पुन्हा झाली. क्रमांकाची बातमी चार दिवस चालते. न भरलेल्या जागेमुळे न झालेल्या अभ्यासाची बातमी कधीच होत नाही.

सगळंच संशोधन चांगलं असतं का?

नाही. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले प्रसिद्ध झालेले १०० अभ्यास जगभरातल्या संशोधकांनी पुन्हा करून पाहिले. जेमतेम ३६ टक्क्यांमध्ये मूळ निकालासारखा ठोस निकाल मिळाला. लहान नमुना, घाई आणि 'काहीतरी छापून आलंच पाहिजे' हा दबाव ही त्यामागची काही कारणं.

आपल्याकडे या दबावाने बोगस नियतकालिकांचा बाजार उभा केला. २०१८ मध्ये पुणे विद्यापीठातल्याच भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या तेव्हाच्या यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली एक हजारांवर नियतकालिकं तपासली. त्यातली ८८ टक्के हलक्या दर्जाची निघाली. पुढे यूजीसी-केअर यादी तयार करण्याचं कामही पुण्यात झालं. ती यादी आता बंद झाली आहे. २०२२ च्या नियमांत पीएचडीसाठी निबंध छापून येण्याची सक्तीही काढून टाकली गेली. म्हणजे दर्जा राखण्याची जबाबदारी पुन्हा गाइड आणि विद्यार्थ्यावर आली.

पण अर्धवेळ तासिका घेऊन, उसनवारी करून संशोधन करणाऱ्याला मोठा नमुना, दुसरी फेरी, फेरतपासणी परवडत नाही. दर्जाचा प्रश्न शेवटी पैशांशी आणि वेळेशी जोडलेला आहे.

काय बदलायला हवं?

यासाठी नवी घोषणा लागत नाही. अधिछात्रवृत्तीच्या परीक्षेची तारीख, निकाल आणि पहिला हप्ता यांचं वेळापत्रक दरवर्षी आधी जाहीर व्हावं आणि पाळलं जावं. पैसे दर महिन्याला यावेत, वर्षाचे एकदम नव्हेत. प्राध्यापकांच्या जागा भराव्यात. परदेशी सहकार्याच्या करारात माहिती कुठे राहणार आणि लेखक म्हणून कुणाची नावं येणार, हे पहिल्याच दिवशी लिहिलेलं असावं. आणि निष्कर्ष ज्या वस्तीतून घेतले, तिथल्या लोकांना ते मराठीत सांगितले जावेत.

तुमच्या दारात संशोधक आला तर?

हे प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे:

• अभ्यास कशाबद्दल आहे आणि कुठल्या संस्थेचा आहे?
• संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आहे का?
• माझं नाव गुप्त राहील ना? माहिती कुणाकुणाला दिसेल?
• मध्येच थांबायचं असेल तर थांबता येईल का?
• निष्कर्ष मला कसे कळतील?

चांगला संशोधक या प्रश्नांनी वैतागत नाही. उत्तरं पटली तर त्याला अर्धा तास द्या, शक्य झालं तर चहाही. दाटीच्या घरातल्या मुलांचं काय होतं हे १९९८ मध्ये जगाला कळलं, कारण त्याआधी काही कुटुंबांनी अशाच कुणासाठी दार उघडलं होतं आणि कुणीतरी तोवर टिकून राहू शकलं होतं. दार उघडणं लोकांच्या हातात आहे. संशोधकाला टिकवून ठेवणं सरकारच्या आणि विद्यापीठाच्या.